शिडी किती फुटी ते नंतर, आधी काम सांगा
(आमच्याकडून शिडी, घोडी – म्हणजे पाय उघडून भिंतीशिवाय उभी राहणारी शिडी – आणि परांची, म्हणजे वर उभं राहून काम करायचं मचाण, भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

दुकानात आल्यावर बहुतेक जण एवढंच म्हणतात, "१२ फुटी शिडी द्या." १२ फूट कुठून आले विचारलं तर भिंत तेवढी उंच असते. मग आम्ही विचारत बसतो: गच्चीवर उतरायचंय की मधेच काम आहे? खाली माती की फरशी? वरून तारा जातात का? दहा मिनिटांचं काम की दिवसभराचं? काहींना याचा कंटाळा येतो. पण जुगाड इथूनच सुरू होतो. नेलेली शिडी दोन फूट कमी पडते, पुन्हा दुकानापर्यंत कोण जाणार म्हणून तिच्याखाली टेबल सरकवलं जातं.

१२ फुटांवरच्या गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी १६ फुटी लागते. कठड्याच्या वर ती तीन फूट तरी हवी, म्हणजे उतरताना हाताला धरायला काही राहतं. आणि ती तिरकी उभी राहते: जिथे टेकली त्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतके तिचे पाय भिंतीपासून लांब, म्हणजे १२ फुटांना तीन फूट. टेप नसेल तर शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटं लावून ताठ उभे राहा आणि हात समोर सरळ करा. हाताचे तळवे पायरीवर आले की उतार बरोबर. यापेक्षा उभी असेल तर माणसासकट मागे येते, जास्त आडवी असेल तर पाय सरकतात. शहाबादी फरशी ओली असेल तर फारच सहज. पायाखाली गोणपाट घालू नका, गोणपाटच सरकतं. वरून शिडी बांधून घ्या. ते होईपर्यंत खाली एकाने धरून थांबायचं, मोबाईल खिशात ठेवून.

घोडीबद्दल एकच तक्रार, पण ती रोजची. घोडी मिटवून भिंतीला टेकवतात. तिचे पाय चारही बाजूंनी उघडून उभे राहण्यासाठी केलेले असतात, टेकवली की ते कडेवर येतात. पूर्ण उघडा, लॉक बसलंय ना बघा, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नका. तेवढ्याने हात पोचत नसेल तर घोडी बदलून न्या, वरचे पैसे आम्ही मागत नाही.

जिन्यात रंगकाम करताना शिडीच्या एका पायाखाली विटा रचतात. टेबलावर प्लास्टिकची खुर्ची किंवा रंगाची २० लिटरची बादली उलटी ठेवतात. बॅनर लावायला जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करतात. मिरवणुकीत हार घालताना ते शोभून दिसत असेल, पण ती बकेट माती उचलायची आहे. जिन्यासाठी आमच्याकडे पाय कमीजास्त करता येणारी शिडी आहे. दिवसभराच्या कामाला कठडा असलेली चाकांची परांची न्या. चाकांचे ब्रेक लावल्याशिवाय चढू नका, आणि वर माणूस असताना ती ढकलू नका.

"एवढ्याशा उंचीला काय होतंय" असंही ऐकतो. १० फुटांवरून खाली यायला एक सेकंदही लागत नाही आणि आपटताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांशी थोडं सविस्तर. पावसाळ्याआधी गळती काढायला शेडवर माणूस चढतो. सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो, आणि वरून ते कळत नाही. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे धुळीने माखले की ओळखूही येत नाहीत. त्यामुळे थेट पत्र्यावर पाय नको. खालच्या आधारांवर टेकतील अशा फळ्या टाकून त्यांवरूनच चाला. कमरेला बांधलेला दोर पडणं थांबवतो, पण झटका पोटावर आणि मणक्यावर घेतो. पूर्ण अंगाचा पट्टा (हार्नेस) घ्या आणि दोर डोक्याच्या वर अडकवा. सहा फुटी दोर पायाशी अडकवला आणि शेड कमी उंचीची असेल, तर तो ताणला जाण्याआधीच जमीन येते. पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर काम असेल तर संरक्षणाची सोय करणं कारखानदाराचं काम आहे; २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ चं कलम ३२ ही तेच सांगायचं. ती जबाबदारी ठेकेदारावर टाकून तुम्ही मोकळे होत नाही.

जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत तारा हाताला येतील इतक्या जवळ असतात. तिथे ॲल्युमिनियमची शिडी आम्ही देत नाही, फायबरची देतो. तरीही तारेजवळ काम असेल तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या.

बांबूची किंवा लाकडी शिडी स्वतःची असेल तर तिला ऑइलपेंट मारू नका, चिरा झाकल्या जातात. नुसतं तेल पुरे.

नेताना दुचाकीवर आडवी धरून नेऊ नका, टेम्पो सांगा. परत आणताना वाकलेली पायरी किंवा निघालेला रबरी बूट दाखवून द्या. त्याचे पैसे लावत नाही. न सांगता ठेवून गेलात, तर सकाळी तीच शिडी दुसरा कोणी घेऊन जाईल.