नाकावर बॉल, नाकातून फुगा

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघून बाहेर पडलो, तर भाची विचारते, “मामा, नाकावर बॉल खेळवणारा तो सील देवमाशाचाच भाऊ ना?” एका वाक्यात दोन चुका! बॉल खेळवणारा बहुतेक वेळा समुद्रसिंह असतो. त्याला इवलीशी का होईना, कानाची पाळी असते. खऱ्या सीलला नुसतं भोक. आणि देवमाशाचं नातं गाय-पाणघोड्यांशी, सीलचं कुत्र्या-अस्वलांशी.

खऱ्या सीलच्या साधारण १८ जाती आहेत. समुद्रसिंह मागचे पाय पोटाखाली घेऊन चालतो. सीलचे ते पाय कायमचे मागेच वळलेले, त्यामुळे जमिनीवर तो सुरवंटासारखा पोटावर सरकतो. बघायला केविलवाणं वाटतं. पण पाण्यात तेच पाय डावी-उजवीकडे मारत तो सुसाट सुटतो.

हत्ती सील २,००० मीटरहून खोल बुडी मारतो. बडोद्याजवळच्या पावागड डोंगरावर दुसरा पावागड ठेवला तरी त्याचा कळस बुडालेलाच राहील. गंमत म्हणजे बुडी मारण्याआधी तो श्वास भरून घेत नाही, सोडतो. फुप्फुसात हवा राहिली, तर दाबाने तिच्यातला नायट्रोजन रक्तात उतरणार, आणि ते घातक. ऑक्सिजनचा साठा असतो रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिन या गडद लाल प्रथिनात. ते इतकं भरपूर, की सीलचं मांस जवळजवळ काळं दिसतं.

मला मात्र सगळ्यात नवल वाटतं ते उत्तर अटलांटिकमधल्या हूडेड सीलच्या बाळंतपणाचं. पिल्लू जन्मतं तरंगत्या बर्फाच्या लादीवर. ती कधी फुटेल याचा नेम नाही. म्हणून आई घाईत असते. आपल्या म्हशीच्या दुधात सात-आठ टक्के फॅट. हिच्या दुधात साठच्या आसपास. पिल्लू दिवसाला सुमारे ७ किलोने वाढतं, आणि चौथ्या दिवशी दूध बंद. आपल्याकडे पाचवीसुद्धा पुजून झालेली नसते, तोवर आई निघून गेलेली! इतक्या थोड्या दिवसांत दूध तोडणारा दुसरा सस्तन प्राणी नाही. मग पिल्लू काही दिवस अंगावरच्या चरबीवर काढतं.

“आणि बाबा?” भाचीचा प्रश्न.

बाबा पिल्लाकडे ढुंकूनही बघत नाही. तो जवळपास घुटमळतो ते मादीसाठी, आणि दुसरा नर दिसला की एका नाकपुडीतून लालभडक फुगा बाहेर काढतो.

“म्हणजे बॉलच की!” भाची म्हणाली.