गिल्बर्ट हिल फुटणार नाही

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल म्हणजे झोपलेला ज्वालामुखी, तो एक दिवस अचानक फुटेल, असा मेसेज मुंबईत वर्षानुवर्षे फिरतोय. यातलं ‘झोपलेला’ही चूक आणि ‘अचानक’ही.

हा सुमारे 61 मीटर उंच काळा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या शिलारसाचे खांब. त्याखाली आता शिलारसाचा साठा नाही. विषय संपला.

‘अचानक’चं मात्र नीट सांगायला हवं. जिवंत ज्वालामुखीत शिलारस वर सरकू लागला की वरची जमीन फुगते. भाकरी फुगावी तशी, पण डोळ्यांना कळणारही नाही इतकी थोडी. टिल्टमीटर, म्हणजे जमिनीचा कल मोजणारं यंत्र, ते पकडतो. एक किलोमीटर लांब दांड्याचं एक टोक एक मिलिमीटर उचललं, तर जेवढा कल येईल तेवढाही त्याला कळतो. सोबत जीपीएस आणि उपग्रहांवरचं रडार असतं.

तरी फुगली म्हणजे फुटणारच, असंही नाही. इटलीत ज्वालामुखीवर वसलेलं पोझ्झुओली गाव 1982 ते 1984 मध्ये सुमारे 1.8 मीटर वर उचललं गेलं, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. उद्रेक झालाच नाही! उलट हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीत 2018 साली शिलारस बाजूला वाहून गेला आणि शिखरावरच्या विवराचा तळ सुमारे 500 मीटर खचला. म्हणून शास्त्रज्ञ भूकंप आणि वायूंच्या नोंदीही सोबत तपासतात.

गिल्बर्ट हिलच्या पोटात काही नाही. तिचे लचके तोडले ते भोवतीच्या दगडखाणींनी.