शैवालं आणि जमिनीवरच्या वनस्पती

शैवाल म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न करणारे, बहुतेक पाण्यात नाहीतर ओलीत राहणारे, खरी मुळं-खोड-पानं नसलेले जीव. व्याख्या यापेक्षा घट्ट करता येत नाही कारण हे सगळे एका कुळातले नाहीतच. शब्दाचाही घोळ आहे, पावसाळ्यात भिंतीवर हिरवी मखमल चढते तिला आपण शेवाळ म्हणतो पण ते बहुतेकदा मॉस असतं, परिभाषेत हरिता, आणि ती जमिनीवरचीच वनस्पती. नील-हरित शैवालं तर मुळात बॅक्टेरिया, म्हणून ती इथे धरलेली नाहीत.

रंगावरून वाटणी आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वे यांनी १८३६ मध्ये केली आणि ती ढोबळपणे अजून चालते. लाल शैवालांत फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य, अगर-अगर (चायना ग्रास) मिळतं ते यांच्यातल्याच जेलिडियम, ग्रॅसिलारियापासून. तपकिरी शैवालांत सर्गॅसम (कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर दिसतं) आणि थंड समुद्रातले प्रचंड केल्प. सर्गॅसम दिसायला अगदी झुडूप, पण त्याचं हरितद्रव्य वेगळं आणि हरितलवकही एका लाल शैवालाला पोटात घेऊन मिळवलेलं, त्यामुळे झाडांशी त्याचं नातं फार लांबचं. डायटम हे सूक्ष्म एकपेशीय जीवही त्याच बाजूचे, कवच सिलिकाचं.

नातं आहे ते हिरव्यांशी. हरितद्रव्य अ आणि ब, साठवण स्टार्चची आणि तीही हरितलवकाच्या आत, हे सगळं झाडांसारखंच. पण हिरव्यांतही दोन फांद्या आहेत, एक क्लोरोफायटा (क्लोरेला, व्हॉल्व्हॉक्स, उल्व्हा) आणि दुसरी स्ट्रेप्टोफायटा, जिच्यात कारा, कोलिओकीट, स्पायरोगायरा येतात आणि मॉसपासून वडापर्यंत जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतीही.

हे कळायला वेळ लागला. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये फ्रिट्शिएला हे ओल्या मातीत वाढणारं हिरवं शैवाल वर्णिलं, त्याला मातीत धरून ठेवणारे मूलाभ, आडवा भाग आणि वर येणाऱ्या फांद्या, त्यामुळे पुढे कित्येक पुस्तकांत भूवनस्पतींचा पूर्वज असाच काहीतरी असेल असं मांडलं गेलं. निरीक्षण उत्तमच होतं, पण डीएनए ताडून पाहिल्यावर फ्रिट्शिएला क्लोरोफायटात पडते, म्हणजे मातीत राहणं तिने वेगळं कमावलं.

पिढ्यांचा वाद याच्याशीच जोडलेला आहे. झाडांत बीजाणू देणारी आणि युग्मक देणारी अशा दोन बहुपेशीय पिढ्या आलटून पालटून येतात, उल्व्हातही येतात, म्हणून काहींना त्या शैवालांतूनच आल्या असं वाटे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बॉवर यांच्या बाजूचे म्हणत की बीजाणू देणारी पिढी नंतर मधे घुसली. कारा, कोलिओकीटमध्ये फलित पेशीचं थेट अर्धसूत्री विभाजन होतं, दुसरी पिढी नाहीच, त्यामुळे आता बॉवर यांच्या मताचं पारडं जड वाटतं.

जमिनीवरच्या वनस्पतींचा सगळ्यात जवळचा भाऊ कोण? बरीच वर्षं उत्तर कारा असं होतं, कारण तिची रचना गुंतागुंतीची, अंडं पेशींच्या वेढ्यात आणि पेशी विभागताना मधली नवी भिंत बांधणारा सांगाडा (फ्रॅग्मोप्लास्ट) झाडांसारखा. पण २०१४ पासूनच्या मोठ्या जनुकीय तुलनांत स्पायरोगायराचा गट (झिग्निमॅटोफायसी) जास्त जवळ येतो, आणि तेच धरावं असं वाटतं. साध्या धाग्यासारखा किंवा एकपेशीय असलेला हा गट बहुधा नंतर साधा झाला असावा. २०१९ मध्ये त्यातल्या दोन जातींचे जीनोम वाचले तेव्हा कोरडेपणा सोसायला लागणाऱ्या काही जनुकांचं मूळ मातीतल्या बॅक्टेरियांत असावं असं दिसलं.

वनस्पती जमिनीवर कधी आल्या तो काळ अंदाजेच सांगता येतो. जनुकीय घड्याळं (डीएनएतल्या बदलांवरून काढलेले काळाचे अंदाज) साधारण ५० कोटी वर्षांच्या आसपास जातात, अर्जेंटिनातले सूक्ष्म बीजाणू सुमारे ४७ कोटींचे, आणि कुकसोनिया या जुन्या जीवाश्म वनस्पतीची पहिली ओळखू येणारी खोडं सुमारे ४३ कोटींची, मधल्या काळातले मऊ देह खडकात फारसे टिकलेच नाहीत.