टीबीचा जंतू स्वतःचीच प्रथिनं का मोडतो? (प्रोटिअसोम मॉडेलसोबतचं माहितीपत्रक)

नमस्कार! आमचं प्रोटिअसोमचं, म्हणजे पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडणाऱ्या मशीनचं, मॉडेल घेतल्याबद्दल मनापासून आभार. बॉक्स उघडला की आधी तुकडे मोजून घ्या, 14 निळे, 14 केशरी, झाकणाचे 6 हिरवे, पांढऱ्या मण्यांची एक माळ (मोडायचं प्रथिन, त्यातच लाल मणी आहे) आणि एक पिवळी मऊ दोरी. ही दोरी पॅकिंगमधली समजून बरेच जण फेकून देतात आणि मग आम्हाला फोन येतो, तर प्लीज ती जपून ठेवा, सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेतो. "टीबीचा जंतू प्रथिनं मोडतो म्हणजे आपलं फुप्फुस खातो का?" नाही. हे मशीन जंतूच्या पेशीच्या आत असतं आणि तिथे जंतूची स्वतःची प्रथिनं मोडली जातात. फुप्फुसात जी पोकळी पडते ती बरीचशी आपल्याच पेशींनी सोडलेल्या एन्झाइम्समुळे, म्हणजे जंतूशी चाललेल्या लढाईत आपल्याच ऊतींची नासधूस होते. हा फरक वर्गात पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पुढचं सगळं उलटं समजलं जातं, आम्ही हे बऱ्याचदा बघितलंय.

आता तो राहतो कुठे ते बघू. श्वासातून आत आला की मॅक्रोफेज नावाची पेशी त्याला गिळते. मॅक्रोफेजचं कामच ते, जंतू गिळायचा, एका पिशवीत (तिला फॅगोसोम म्हणतात) बंद करायचा, मग ती पिशवी लायसोसोमला जोडायची आणि आतल्या ॲसिडने आणि एन्झाइम्सने जंतू विरघळवून टाकायचा. बहुतेक जंतूंचा खेळ इथेच संपतो. टीबीचा जंतू मात्र पिशवी लायसोसोमला जोडूच देत नाही, त्याच्या भिंतीतले चरबीसारखे रेणू आणि त्याने बाहेर सोडलेली काही एन्झाइम्स मिळून पिशवीच्या पडद्यावरचे सिग्नल बिघडवतात, त्यामुळे आतला पीएच 6.2 च्या आसपासच अडकून राहतो. म्हणजे ज्याने गिळलं त्याच्याच पोटात हा बिऱ्हाड करून बसतो.

पण शरीरही गप्प बसत नाही. काही आठवड्यांनी टी-पेशी (आपल्या रोगप्रतिकारक पेशी) येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचा सिग्नल सोडतात आणि त्यामुळे मॅक्रोफेज खवळतो, पिशवीतला पीएच 4.5 पर्यंत खाली येतो आणि मुख्य म्हणजे तो नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागतो. हा एक छोटासा वायू, पडद्यांतून सहज आरपार जातो आणि जंतूची प्रथिनं, डीएनए, श्वसनाची साखळी सगळ्यावर हल्ला करतो. एवढं होऊनही जंतू पूर्ण मरत नाही. का मरत नाही, याच प्रश्नातून तुमच्या हातातलं मॉडेल आलंय.

2003 मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी टीबीच्या जंतूचे 10,100 म्युटंट तपासले, प्रत्येकात कुठला ना कुठला जीन बिघडवलेला, आणि सगळ्यांना ॲसिडमध्ये मिसळलेल्या नायट्राइटखाली ठेवलं, म्हणजे मॅक्रोफेजच्या आतला मारा बाहेर तयार केला म्हणा. एवढ्यातून 12 म्युटंट जास्त नाजूक निघाले. त्यातल्या 5 जणांमध्ये बिघाड होता प्रोटिअसोमशी संबंधित जीन्समध्ये. हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं, कारण वाटतं की विष आलं तर विष निकामी करणारं काहीतरी लागेल, ढाल लागेल, आणि इथे निघालं कचरा मोडायचं मशीन! शिवाय प्रोटिअसोम ही तशी आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या पेशींची गोष्ट, बहुतेक जिवाणूंकडे ते नसतंच, टीबीच्या जंतूकडे आणि त्याच्या काही नातेवाइकांकडेच आहे.

आता जोडायला घ्या

7 केशरी तुकड्यांची एक कडी, अशा दोन कड्या करा आणि एकमेकींवर ठेवा. मग 7-7 निळ्यांच्या दोन कड्या, एक वर, एक खाली. झालं पिंप तयार, 28 तुकड्यांचं. कापायचं काम केशरी कड्या करतात, आतल्या बाजूला जे 14 खाचे दिसतात ती कापायची ठिकाणं. निळ्या कड्या दारवान आहेत, त्यांच्या टोकाच्या पट्ट्या भोक झाकून ठेवतात. कात्री पिंपाच्या आत लपवलेली आहे हे मुद्दाम बघा, कारण ती बाहेर उघडी असती तर पेशीतलं चांगलंवाईट सगळंच कापत सुटली असती.

वर 6 हिरव्या तुकड्यांचं झाकण, त्याचं नाव एमपीए. हे एटीपी (पेशीचं इंधन) जाळून चालणारं इंजिन आहे, घडी घातलेलं प्रथिन उलगडून दोऱ्यासारखं आत ओढतं. (7 च्या कडीवर 6 चं झाकण नीट बसत नाही म्हणून तक्रार येते, पण खऱ्यातही तसंच आहे, 6 आणि 7 कधी पूर्ण जुळत नाहीत, त्यामुळे थोडं हलणारच, तुकडा सदोष नाही.)

आता दोरी. तिचं नाव पप. तिच्यावर 64 खुणा आहेत कारण पपमध्ये 64 अमिनो ॲसिड्स असतात. आपल्या पेशींत ज्या प्रथिनाला मोडीत काढायचं त्याला युबिक्विटिन नावाचं लेबल लागतं, 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच शोधाला मिळालं. टीबीच्या जंतूकडे युबिक्विटिन नाही पण काम तेच, आणि ते करतो पप, हे 2008 मध्ये कळलं. दिसायला दोघांत काही साम्य नाही बरं का, युबिक्विटिन घट्ट गोळीसारखं असतं आणि पप मोकळा, लुळा, म्हणून आम्ही प्लास्टिकचा तुकडा न देता मुद्दाम दोरी दिली.

दोरीच्या शेवटच्या खुणेवर फिरणारी क्लिप आहे. ते ग्लुटामिन, एक अमिनो ॲसिड. डॉप नावाचं एन्झाइम त्याचं ग्लुटामेट करतं (क्लिप अर्धी फिरवा), मग पीएएफए नावाचं दुसरं एन्झाइम ती क्लिप माळेवरच्या लाल मण्याला, म्हणजे प्रथिनातल्या लायसिन या अमिनो ॲसिडला, जोडून टाकतं. दोरीचं मोकळं टोक हिरव्या झाकणाच्या भोकात सरकवा आणि बघा, दोरीमागून अख्खी माळ आत ओढली जाते. आणि हाच डॉप लावलेला पप परत काढूही शकतो, म्हणजे लेबल लागलं तरी शिक्षा पक्की नसते. आम्हाला स्वतःला हा भाग फार आवडतो.

मग नायट्रिक ऑक्साइडचा यात काय संबंध? बरीच वर्षं अंदाज असा होता की वायूने खराब केलेली प्रथिनं साफ करायला हे मशीन लागत असणार. साधा सरळ अंदाज, पटण्यासारखा. पण 2015 मध्ये जे निघालं ते वेगळंच होतं. मशीन बंद पडलं की लॉग नावाचं एक एन्झाइम साठत जातं. ते काही खराब झालेलं नसतं, चांगलं धडधाकट असतं, फक्त त्याची वेळ संपलेली असते. लॉग बनवतं सायटोकायनिन, जे आपण वनस्पतींचं हार्मोन म्हणून शिकलो! ते जास्त झालं की त्याचे तुकडे पडून अल्डिहाइड तयार होतात आणि अल्डिहाइडने भरलेल्या जंतूला नायट्रिक ऑक्साइडचा मारा झेपत नाही. म्हणजे जंतू तगतो तो या एका एन्झाइमला वेळेवर मोडीत काढतो म्हणून. उंदरांवरच्या प्रयोगातही दिसलं की संसर्ग जुना झाल्यावर प्रोटिअसोम बंद केलं तर जंतूंची संख्या घसरते, म्हणजे हे मशीन नुसतं आत शिरताना नाही, तर दडून टिकून राहायलाही लागतं.

दुसरं मशीन, जे बॉक्समध्ये नाही

क्लप नावाचं आणखी एक मशीन जंतूकडे आहे, क्लपपी1 आणि क्लपपी2 अशा दोन वेगळ्या प्रथिनांच्या 7-7 च्या दोन कड्या आणि वर क्लपसी1 किंवा क्लपएक्सचं इंजिन. फरक लक्षात ठेवा: प्रोटिअसोम काढून टाकलं तरी प्रयोगशाळेत चांगलं खायला घातलेला जंतू वाढतो, अडचण होते ती शरीरात गेल्यावर. क्लप काढलं तर तो कुठेच जगत नाही. म्हणून औषध शोधणाऱ्यांचं लक्ष क्लपवर जास्त आहे. लॅसोमायसिन आणि इक्युमायसिन ही दोन नैसर्गिक संयुगं क्लपसी1 ला चिकटतात आणि मग इंजिन एटीपी जाळत नुसतं फिरत राहतं, कापणं मात्र होत नाही.

आणि एक गोष्ट जुन्याच औषधातली. पायराझिनामाइड टीबीच्या उपचारात कित्येक दशकं वापरात आहे. ते जंतूच्याच एका एन्झाइममुळे पायराझिनॉइक ॲसिड होतं, ते पॅनडी नावाच्या गरजेच्या प्रथिनाला चिकटतं आणि मग क्लप त्या पॅनडीलाच मोडून टाकतं, असा त्याचा एक मार्ग आता समजलाय. जंतूचं घर साफ ठेवणारं मशीनच घरभेदी होतं.

प्रोटिअसोमवर औषध करणं जास्त अवघड, कारण ते आपल्याकडेही आहे. बोर्टेझोमिब हे मायलोमाचं (रक्ताच्या एका कॅन्सरचं) औषध आपलं प्रोटिअसोम बंद करतं, जंतूचंही करतं, पण टीबीसाठी असं दोघांनाही मारणारं औषध कसं देणार? 2009 मध्ये मात्र ऑक्साथायाझोलोन गटातली संयुगं सापडली जी जंतूचं प्रोटिअसोम अडवतात आणि आपल्याला जवळपास हात लावत नाहीत, आणि वाढ थांबवून बसलेल्या जंतूलाही नायट्रिक ऑक्साइडच्या माऱ्याखाली मारतात. ती अजून औषध झालेली नाहीत पण दोन्हीत भेद करता येतो हे तरी कळलं. वाढ थांबवलेल्या जंतूचं महत्त्व यासाठी की टीबीचा जंतू मुळात साधारण 20 तासांत एकदा दुप्पट होतो (ई. कोलायला 20 मिनिटं पुरतात) आणि दडून बसला तर तेवढंही नाही, बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूवरच नीट चालतात, म्हणून नेहमीचा कोर्स सहा महिने चालतो. तुमच्यापैकी कोणाचा कोर्स चालू असेल तर बरं वाटायला लागलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतोय.

वर्गात दाखवताना एक करून बघा. आधी दोरी न लावता माळ थेट झाकणातून ढकलायला सांगा, मुलं खूप जोर लावतात आणि ती जात नाही, मग दोरी बांधायला द्या. दोरी हरवली तर कळवा, नवीन पाठवतो, पण तिच्या जागी साधा दोरा नको, तो भोकात गुंततो आणि मग अख्खं झाकण खोलावं लागतं.