न्यूझीलंडच्या पर्वतीय उद्यानांत मोटरहोमने प्रवास: मुंबईतील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जांचा क्रम

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबईतला पाऊस परतीच्या वाटेला लागतो, तेव्हा न्यूझीलंडमध्ये वसंत नुकताच सुरू झालेला असतो. तेथील दक्षिण बेटावरील आओराकी माउंट कुक, वेस्टलँड, माउंट अस्पायरिंग, फिओर्डलँड आणि आर्थर्स पास ही राष्ट्रीय उद्याने मोटरहोमने, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेले वाहन स्वतः चालवत, पाहता येतात. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवण्याची पद्धत आपल्यासारखीच असल्यामुळे मुंबईच्या चालकाला तेथे फारसे अवघड जात नाही. मात्र मोटरहोम हे एकाच वेळी वाहनही असते आणि मुक्कामाची जागाही असते, म्हणून नेहमीच्या सहलीपेक्षा कागदपत्रे अधिक लागतात, आणि त्यांचा क्रम चुकला तर भरलेले पैसे अडकतात.

पहिले काम अर्जाचे नसून पडताळणीचे आहे. पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना आणि क्रेडिट कार्ड ही तिन्ही समोर ठेवून त्यांवरील नाव अक्षरशः ताडून पाहावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लावण्याची रीत असल्याने ते एका कागदावर पूर्ण असते, दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर असते आणि तिसऱ्यावर नसतेच. अनेक विवाहित स्त्रियांचा परवाना माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. वाहन भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या खिडकीवर ही तफावत समजावून सांगण्यापेक्षा परवान्यावरील नाव आणि पत्ता आधीच शासनाच्या ऑनलाइन सारथी पोर्टलवरून दुरुस्त करून घेणे कितीतरी सोपे आहे. पासपोर्टची मुदत न्यूझीलंडमधून निघण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी लागते. ती कमी असेल तर व्हिसाच्या अर्जापूर्वीच नूतनीकरण करून घ्यावे, कारण व्हिसा हा अर्जात दिलेल्या पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो.

व्हिसाचा अर्ज

भारतीय पासपोर्टधारकाला न्यूझीलंडसाठी व्हिजिटर व्हिसा आवश्यक आहे. अर्ज तेथील इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून भारतातून करायच्या अर्जाचे शुल्क ३४१ न्यूझीलंड डॉलर झाले आणि त्याच दिवसापासून पर्यटकांवरील आकारणी १०० डॉलर झाली. दोन्ही मिळून ४४१ डॉलर होतात. शुल्काचे आकडे बदलत असल्याने पैसे भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरील रक्कम प्रमाण मानावी.

अर्जासोबत पासपोर्टची प्रत, छायाचित्र, बँकेचे विवरणपत्र, परतीच्या प्रवासाची तजवीज आणि भारतात परत येण्याची कारणे दाखवणारी कागदपत्रे जोडावी लागतात. नोकरदारांसाठी रजा मंजुरीचे पत्र आणि पगारपत्रके, व्यावसायिकांसाठी आयकर विवरणपत्र आणि जीएसटी नोंदणी, तर निवृत्तांसाठी पेन्शनची कागदपत्रे उपयोगी पडतात. खर्चाच्या तरतुदीचा निकष दरडोई दरमहा १,००० डॉलर आहे आणि निवासाचे पैसे आधीच भरलेले असल्यास तो ४०० डॉलरवर येतो. माझे स्पष्ट मत असे की मोटरहोमचे आगाऊ भाडे निवासाचा खर्च म्हणून धरले जाईल या भरवशावर राहू नये आणि मोठ्या निकषाप्रमाणेच रक्कम दाखवावी.

मराठी अर्जदारांनी एका नियमाकडे विशेष लक्ष द्यावे. २६ मे २०२५ पासून व्हिजिटर व्हिसाच्या अर्जातील इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदपत्रासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडणे बंधनकारक आहे. गावाकडच्या जमिनीचा सातबारा, सहकारी पतसंस्थेचे पासबुक किंवा ग्रामपंचायतीचा दाखला आपण मालमत्तेचा अथवा रहिवासाचा पुरावा म्हणून सहज जोडतो. भाषांतराशिवाय त्याचा उपयोग होत नाही, आणि ते भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या कुटुंबीयाने केलेले चालत नाही. सहलीचा दिवसवार आराखडा आणि एक पानाचे निवेदनपत्रही जोडावे. मोटरहोमने फिरणाऱ्याकडे हॉटेलची आरक्षणे नसतात, त्यामुळे मुक्काम कोठे आणि कसा होणार हे त्या पत्रात वाहनाच्या आरक्षणाच्या उल्लेखासह सांगितले पाहिजे. हे आरक्षण परतावा मिळू शकेल अशाच अटीवर केलेले असावे.

विमान ऑस्ट्रेलियामार्गे असेल तर भारतीय नागरिकाला केवळ विमान बदलण्यासाठीही त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. त्याला शुल्क नाही, पण अर्ज वेगळा आहे. सिंगापूरच्या विमानतळाबाहेर न पडता तेथे विमान बदलून दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्चला गेल्यास हे काम वाचते.

परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना

मोटरहोम चालवण्यासाठी हलक्या मोटार वाहनाचा पक्का परवाना लागतो. शिकाऊ परवाना चालत नाही. आपल्या कायद्यात हलक्या वाहनाची वजनमर्यादा ७,५०० किलो आहे, तर न्यूझीलंडमध्ये मोटारीच्या सर्वसाधारण परवान्यावर ६,००० किलोपर्यंतचे वाहन चालवता येते, आणि भाड्याने मिळणारी नेहमीची मोटरहोम या मर्यादेत बसतात. परवाना इंग्रजीत असेल तर कायद्याने तो पुरेसा आहे. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा असे मी सुचवेन, कारण कराराच्या वेळी आणि विमा दाव्याच्या वेळी मान्य नमुन्यातील शासकीय कागद हातात असल्याचा फायदा होतो.

हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. परिवहनच्या सारथी पोर्टलवर परवान्याचा क्रमांक टाकून नमुना ४-अ मधील अर्ज भरावा, १,००० रुपये शुल्क भरावे आणि आपल्या पत्त्याच्या अखत्यारीतील आरटीओ निवडावे. मुंबईत ताडदेव, वडाळा, अंधेरी आणि बोरिवली ही कार्यालये आहेत. मूळ परवाना, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे जवळ ठेवावीत. २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसा या अटी काढण्यात आल्या असल्या तरी व्हिसा आणि तिकीट हाती असल्यास त्यांच्या प्रतीही सोबत न्याव्यात, म्हणजे दुसरी फेरी टळते. आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत दिल्याच्या तारखेपासून एक वर्ष किंवा मूळ परवान्याची मुदत, यांपैकी जी आधी संपेल तितकीच असते, म्हणून तो व्हिसा मिळाल्यानंतर काढणे योग्य. मूळ परवान्याच्या कार्डाशिवाय त्याला काहीही किंमत नाही.

वाहनाचा करार, मुक्काम आणि बर्फाचे रस्ते

अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावावरील क्रेडिट कार्डावर रोखली जाते, तेव्हा कार्डाची मर्यादा आणि परदेशी व्यवहारांची परवानगी निघण्यापूर्वी तपासावी. करारातील वगळलेल्या रस्त्यांची यादी आरक्षण पक्के करण्याआधी वाचावी. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि माउंट कुकजवळचा बॉल हट रोड तिच्यात बहुधा असतात, आणि अशा रस्त्यावर गेल्यास विम्याचे संरक्षण उरत नाही. डिझेल वाहनांना तेथे दर किलोमीटरमागे रस्ता वापर शुल्क लागू होते व ते सहसा वाहन परत करताना वसूल केले जाते, म्हणून केवळ इंधनाच्या दरावर खर्च काढू नये. अपघातात झालेल्या दुखापतीवर तेथील सरकारी योजना पर्यटकांनाही उपचार देते. आजारपण मात्र तिच्यात येत नाही आणि त्यासाठी प्रवास विमा लागतोच. सात वर्षांखालील मुलांसाठी मान्यताप्राप्त आसन कायद्याने सक्तीचे आहे, त्याची मागणी आरक्षणातच नोंदवावी.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपण प्रवेशद्वारावर तिकीट काढतो. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय उद्यानांना प्रवेश शुल्क नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो रात्रीच्या मुक्कामासाठी. आओराकीच्या पायथ्याशी असलेल्या व्हाइट हॉर्स हिलसारखे तळ संवर्धन विभागाचे असून त्यांचे शुल्क भरावे लागते. स्थानिक परिषदांच्या जागांवरील मोफत मुक्काम बहुतेक ठिकाणी स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र असलेल्या वाहनांनाच खुला आहे. २०२३ च्या कायद्यानुसार त्यासाठी वाहनात पक्के बसवलेले शौचालय आणि हिरव्या रंगाचे अधिकृत प्रमाणपत्र असावे लागते. वाहन ताब्यात घेताना ते प्रमाणपत्र स्वतः पाहून घ्यावे. सप्टेंबरच्या अखेरीस तेथील शाळांना सुट्टी लागते, तेव्हाचे मुक्काम आधी आरक्षित करावेत.

वसंत म्हटला तरी घाटमाथ्यावर हिवाळा संपलेला नसतो. ‘ते आनाउ’ (Te Anau) या गावाहून मिलफर्ड साउंडला जाणाऱ्या सुमारे १२० किलोमीटरच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर हा हिमस्खलनाचा काळ मानला जातो. सूचना लागलेली असेल त्या दिवशी टायरच्या साखळ्या सोबत असणे बंधनकारक असते आणि होमर बोगद्याच्या परिसरातील हिमस्खलन क्षेत्रात वाहन थांबवण्यास मनाई असते. करारानुसार साखळ्या वापरता येतात का, त्या कंपनी देते की ‘ते आनाउ’मध्ये भाड्याने घ्याव्या लागतील, हे लेखी विचारून ठेवावे. मिलफर्ड साउंड फिओर्डलँडमध्येच येते, म्हणून ते उद्यान आराखड्याच्या अखेरीस न ठेवता मध्यावर ठेवावे आणि पुढे एक दिवस मोकळा सोडावा, म्हणजे रस्ता बंद झाल्यास परतीचे विमान चुकणार नाही.

शेवटचा अर्ज न्यूझीलंड प्रवासी घोषणापत्राचा. तो ऑनलाइन आणि विनामूल्य असून प्रवासाला निघण्याच्या आधीच्या २४ तासांत भरता येतो. आपल्या सामानात लोणची, मसाले, तूप, मेतकूट आणि लाडू असतातच. खाण्याचा प्रत्येक जिन्नस जाहीर करावा, कारण जोखमीची वस्तू जाहीर न केल्यास विमानतळावरच ४०० डॉलर दंड होतो. मध मुळीच नेऊ नये. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट न्यायचे असतील तर त्यांचे तळवे माती आणि गवताचा कण न राहील असे धुऊन वाळवावेत, त्यांचीही नोंद घोषणापत्रात करावी आणि ते तपासणीसाठी चटकन काढता येतील असे बॅगेत सर्वांत वर ठेवावेत.