अमोनियावरचे फ्युएल सेल: पेम आणि एसओएफसी यांत फरक कुठे पडतो

फ्युएल सेल म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेने वीज बनवणारं यंत्र. ‘अमोनिया फ्युएल सेल’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळी यंत्रं ओळखली जातात: प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पातळ पडद्याचा पेम आणि घन सिरॅमिकचा एसओएफसी. टाकी दोन्हींची सारखी: 20 अंशांना साधारण साडेआठ बार दाबाखाली द्रवरूप राहणारा अमोनिया. वजनाच्या 17.8 टक्के त्यात हायड्रोजन, आणि वीज दोन्हीकडे मुख्यतः त्या हायड्रोजनपासूनच होते. अमोनिया फुटतो कुठे, म्हणजे त्याचे हायड्रोजन आणि नायट्रोजन कुठे वेगळे होतात, एवढाच काय तो फरक. पण बाकीचं सगळं त्यावरूनच ठरतं.

पेम सेल 60 ते 80 अंशांवर चालतो. एवढ्या कमी तापमानाला अमोनिया फुटत नाही, म्हणून आधी वेगळा क्रॅकर, म्हणजे अमोनिया तापवून फोडणारी भट्टी, लागतो. रुथेनियमचा उत्प्रेरक असेल तर साधारण 450 ते 600 अंश, निकेल असेल तर त्याहून जास्त. बाहेर येतो तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन आणि उरलासुरला अमोनिया. खरी डोकेदुखी या उरलेल्याचीच. वातावरणाच्या दाबाला, 500 अंशांवर, क्रॅकर कितीही उत्तम असला तरी रासायनिक समतोलामुळे हजारावर पीपीएम (दहा लाखांत हजारावर भाग) अमोनिया राहतोच. दाब वाढवला की आणखी वाढतो. वाहनांच्या पेम सेलसाठी आयएसओ 14687 या हायड्रोजनच्या शुद्धतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा मात्र 0.1 पीपीएम! पडद्यातले प्रोटॉन अमोनियाला चिकटून अमोनियम आयन बनतात, पडद्याची वहनक्षमता घटते आणि व्होल्टेज उतरत जातं. म्हणून मध्ये झिओलाइटचे, म्हणजे अमोनिया शोषणाऱ्या सच्छिद्र खनिजाचे, दोन थर ठेवतात: एक शोषतो, तेव्हा दुसरा तापवून मोकळा करायचा. थर भरला की अमोनिया थेट सेलपर्यंत पोहोचतो, त्यामुळे सेन्सर फक्त शेवटी बसवून भागत नाही, थराच्या आतही हवा.

उष्णतेचा हिशेबही चुकवून चालत नाही. अमोनियाचा एक मोल फोडायला 46 किलोज्यूल लागतात, म्हणजे निघणाऱ्या हायड्रोजनच्या ऊर्जेचा जवळपास आठवा हिस्सा. पेमची 80 अंशांची उष्णता इथे कामाची नाही. ॲनोडमधून (सेलच्या इंधनाकडच्या टोकातून) न वापरता बाहेर पडलेला हायड्रोजन क्रॅकरखाली जाळावा लागतो.

एसओएफसीमध्ये, म्हणजे 700 ते 800 अंशांच्या सिरॅमिक सेलमध्ये, निकेलचा ॲनोड स्वतःच क्रॅकरचं काम करतो. उरलेला अमोनिया इथे विष नाही, इंधनच आहे, आणि फोडायची उष्णता सेलच पुरवतो. एका जागी स्थिर भार असेल तर आमचं मत याच बाजूने. पण अमोनिया आत शिरतो त्या टोकाला सेल एकदम थंड पडतो आणि तापमानातल्या या फरकाने सिरॅमिकला तडे जाऊ शकतात; म्हणून थोडा अमोनिया आधीच फोडून सोडणं बरं. साधारण 600 अंशांखाली निकेलचं नायट्राइड (नायट्रोजनशी संयुग) होतं, पुन्हा तापल्यावर ते मोडतं आणि कण भुसभुशीत होतात. त्यामुळे सुरू करताना आणि बंद करताना अमोनियाऐवजी थोडा हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन सोडायचा. तापायला तासन्‌तास लागतात, म्हणून वारंवार चालू-बंद होणाऱ्या कामाला हा सेल सोयीचा नाही. शेवटच्या बर्नरमध्ये अमोनिया गेला तर नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, तेही मोजायलाच हवेत.

पाइप, झडपा आणि गेज दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलचे. तांबं-पितळ अजिबात नको, अमोनिया ते खातो.

कार्यक्षमतेचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते टाकीतल्या अमोनियावर मोजलेत की क्रॅकरनंतरच्या हायड्रोजनवर, हे तपासा. पेमच्या आकड्यात फोडण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो.