काचपट्टी आणि पॅराफिल्मची मायक्रोफ्लुइडिक चिप : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे अगदी थोडा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक मार्गाची (चॅनलची) पट्टी. साचा किंवा क्लीनरूम (धूळमुक्त खोली) नसली तरी पहिली चिप बनवता येते. लागणारं बहुतेक सगळं आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटातच असतं. उरलेलं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल.

सामान : ७५×२५ मिमीची काचपट्टी, २४×५० मिमीची कव्हर स्लिप, पॅराफिल्म (मेणासारखी, ताणली जाणारी पातळ फिल्म), ११ नंबरचं कोरं सर्जिकल ब्लेड, हॉटप्लेट.

पॅराफिल्म साधारण ०.१३ मिमी जाड असते, तीच चॅनलची उंची. मागचा कागद न काढता तिच्यात २ मिमी रुंद, ६० मिमी लांब खाच, म्हणजेच चॅनल, कापा. जुन्या ब्लेडने फिल्म कापली न जाता ओढली जाते आणि कडा फाटते. हाताने अर्ध्या मिमीपेक्षा अरुंद खाच कापायच्या फंदात पडू नका.

काच साबणाने धुऊन डिस्टिल्ड वॉटरने भरपूर खंगाळा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिप गळते ती बहुधा इथल्या घाईमुळे. मुंबईच्या पावसाळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या काचेवरही ओलाव्याचा थर असतो, म्हणून काच १०० अंशांवर दहा मिनिटं तापवा आणि निवली की लगेच वापरा.

आता कागद काढून फिल्म काचेवर ठेवा. वर कव्हर स्लिप अशी बसवा की खाचेची दोन्ही टोकं ५-५ मिमी उघडी राहतील. काचेला भोक पाडायचं कामच उरत नाही. हॉटप्लेट ६५–७० अंशांवर ठेवून दोनेक मिनिटं खोडरबराने हलकेच दाबा. दुधी फिल्म चिकटते तिथे पारदर्शक होते. दुधी ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली आहे. तिथेच पुन्हा दाबा. तापमान फार वाढलं तर फिल्म वितळून चॅनलमध्ये उतरते.

चॅनलमध्ये सुमारे १३ मायक्रोलिटर मावतात. एका टोकाला २० मायक्रोलिटर रंगीत पाणी सोडा, केशाकर्षणाने ते आपोआप आत ओढलं जाईल. अडलं तर काच तेलकट आहे. नमुन्याला चालत असेल तर ०.१ टक्का ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घाला.

टोल्युइन, हेक्झेन, क्लोरोफॉर्म यांसाठी ही चिप नाही. पॅराफिल्म त्यांत टिकत नाही. ऑटोक्लेव्हही नको.

पुढे पीडीएमएस (चिप बनवायचं सिलिकोन रबर) ओतणार असाल तर बेस आणि क्युरिंग एजंट वजनाने १०:१ घ्या. लेटेक्सचे हातमोजे मात्र दूर ठेवा, त्यातल्या गंधकामुळे पीडीएमएस चिकटच राहतं. पेट्री डिशमध्ये ओतलं असेल तर ओव्हन ७० अंशांच्या वर नेऊ नका. डिशचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक वाकडं होतं.